वर आलाय म्हणजे गेलाय असं नाही

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं परभणीकर छाती पुढे काढून सांगतो आणि मे महिन्यात त्याच छातीवर ओला पंचा टाकून कूलरपुढे बसतो. पारा ४४-४५ला टेकलेला असतो, दुपारी शिवाजी चौकातलं कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही आणि गच्चीवरच्या टाकीतलं पाणी अंघोळीआधी निववावं लागतं. अशा गावात, पाणी २४ अंशांच्या वर गेलं की ज्याची तब्येत बिघडते असा प्राणी हौसेनं आणून पाळायचा, ही कल्पना ज्याच्या डोक्यात येते त्याला एकतर परभणीचा उन्हाळा माहीत नसतो, नाहीतर तो सातवीत असतो.

बहुधा सातवीतच असतो. माइनक्राफ्ट नावाच्या खेळात २०२१ साली ॲक्सोलॉटल दाखल झाला आणि जगभरच्या पोरांनी आईबापांकडे हट्ट धरला. खेळात तो निळाही मिळतो, पण फार क्वचित. खऱ्या जगात गुलाबीसर पांढरा, सोनेरी, काळा आणि मूळचा चिखलट तपकिरी असेच रंग सापडतात. निळा कुणी विकायला काढलाच, तर घासाघीस न करता दुकानातून बाहेर पडावं.

हा मासा नव्हे आणि पालही नव्हे. सॅलॅमँडर कुळातला उभयचर, म्हणजे बेडकाचा लांबचा भाऊबंद. पण बेडकाचं पिल्लू मोठं झालं की शेपूट आणि कल्ले टाकून जमिनीवर येतं, कामाला लागतं. ॲक्सोलॉटल मोठा होतो, वयात येतो, त्याला मुलंबाळं होतात, तरी तो बालपण काही सोडत नाही. कल्ले तसेच, पाण्यातला मुक्काम तसाच. असे चिरंजीव आपल्याकडेही घरोघर आढळतात, फक्त त्यांना डोक्याच्या दोन्ही बाजूंनी लालभडक झुपके फुटलेले नसतात.

त्याचं मूळ गाव मेक्सिको सिटीच्या दक्षिणेकडच्या सोचिमिल्को इथले कालवे. समुद्रसपाटीपासून सुमारे सव्वादोन हजार मीटर उंच, बारमाही थंड पाण्याचं ठिकाण. शेजारच्या चाल्को तळ्यातही तो होता, पण ते तळंच माणसांनी आटवलं. उरलेल्या कालव्यांत शहराचं सांडपाणी आलं आणि जोडीला मत्स्यशेतीसाठी कार्प आणि तिलापिया सोडले गेले. तिलापिया म्हणजे आपल्या उजनीच्या पाण्यात मिळते ती चिलापी. तिनं तिकडे ॲक्सोलॉटलची अंडी आणि पिल्लं फस्त केली. १९९८च्या पाहणीत सोचिमिल्कोत एका चौरस किलोमीटरमागे अंदाजे ६००० ॲक्सोलॉटल होते, २०१४च्या पाहणीत ३६ उरले. मेक्सिकोनं २०२१ साली त्याला ५० पेसोच्या नोटेवर छापलं आणि ती नोट लोकांना इतकी आवडली की अनेकांनी ती खर्चच केली नाही. नदी, तळं, प्राणी संपत आला की त्याचं चित्र छापायचं, या बाबतीत आपण आणि मेक्सिको सख्खे शेजारी.

म्हणजे रानात हा जवळपास संपलाय आणि काचेच्या टाक्यांत मात्र जगभर पसरलाय. याची सुरुवात पॅरिसला झाली. फ्रेंचांनी १८६० च्या दशकात मेक्सिकोतून ३४ ॲक्सोलॉटल बोटीनं नेले, त्यातले सहा ऑग्युस्त द्युमेरील या प्राणिशास्त्रज्ञाच्या ताब्यात आले. त्यांची पिल्लं वाढली आणि त्यातल्या काहींनी अचानक कल्ले गाळले, तेव्हा आपल्या टाकीत भलताच प्राणी कुठून शिरला, हा प्रश्न विद्वानांना पडला. त्या पॅरिसच्या कुटुंबाचा गोतावळा पुढे प्रयोगशाळांतून वाढत गेला. तुटलेला पाय हाडा-स्नायूंसकट पुन्हा उगवणारा प्राणी शास्त्रज्ञ सोडणार थोडेच! २०१८ साली त्याचा जनुकसंच वाचून झाला, तेव्हा तो माणसाच्या साधारण दहापट निघाला. एवढा मजकूर जवळ बाळगून हा दिवसभर करतो काय, तर टाकीच्या तळाशी तोंड किंचित वर करून बसतो.

त्याच्या डोळ्यांना पापण्या नसतात, त्यामुळे तो सतत बघत असल्यासारखा वाटतो. ज्युलिओ कोर्तासार या अर्जेंटिनी लेखकानं पॅरिसच्याच एका बागेतल्या ॲक्सोलॉटलवर कथा लिहिलीय. तिच्यात रोज टाकीपुढे उभा राहणारा माणूस शेवटी स्वतःच ॲक्सोलॉटल होऊन बसतो. ही कथा घरातल्या मोठ्यांना आधी सांगू नये.

आता वसमत रोडवरचं एक घर धरू या. सातवीतला मुलगा, कामावरून दमून येणारे बाबा, सगळ्यांचं निस्तरणारी आई आणि असल्या थेरांना तत्त्वतः विरोध असलेले आजोबा. मुलानं हट्ट केला, बाबांनी ‘बघू’ म्हटलं. मराठी बापाच्या ‘बघू’चा अर्थ ‘नाही’ असाच असतो, हे अजून मुलाच्या लक्षात आलेलं नाही.

बघण्यासारखं पहिलं प्रकरण कायद्याचं. ॲक्सोलॉटल हा वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या, म्हणजे साइट्सच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि अशा परदेशी प्राण्यांची वेगळी अनुसूची तयार झाली. २०२४च्या नियमांनुसार त्यांची नोंद ‘परिवेश’ या सरकारी पोर्टलवर करायची असते. प्राणी दुसऱ्याला दिला, त्याला पिल्लं झाली किंवा तो मेला तरी कळवायचं असतं. म्हणून विकत घेताना पावती आणि कागदपत्रं मागायची. ‘कागद कशाला, पोराचं खेळणं आहे,’ असं म्हणणाऱ्याकडून प्राणीही घ्यायचा नाही. आजोबांना या भागात प्रथमच रस वाटला. सातबारा, फेरफार, वारसनोंद यांत आयुष्य गेलेल्या माणसाला, ज्याची वारसनोंद होते तो प्राणी एकदम घरचा वाटू लागला.

दुसरं प्रकरण पाण्याचं. टाकी आणली, नळाचं पाणी भरलं आणि पिशवी उलटी केली, हा आपल्याकडच्या फिश टँकचा सर्वमान्य विधी आहे. त्यानंतर तीन-चार दिवसांत मासे वर येतात आणि ‘दुकानदारानं फसवलं’ यावर घराचं एकमत होतं. दुकानदार बहुतेक वेळा निर्दोष असतो. प्राण्याच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो, तो विषारी. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते थोडंफार सोसतं आणि पाणी बदलून काढून टाकता येतं. या जिवाणूंनी फिल्टरमध्ये बिऱ्हाड मांडायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकी चालू ठेवायची, फिल्टर फिरवायचा, अमोनियाचा खुराक द्यायचा, टेस्ट किटनं पाणी तपासायचं आणि आत प्राणी सोडायचा नाही. शेजारी येऊन विचारतात, ‘काय ठेवलंय ह्यात?’ ‘जिवाणू,’ मुलगा सांगतो. शेजारी आईकडे सहानुभूतीनं बघून चहा पिऊन जातात.

पाण्याच्या बाबतीत परभणीची एक गोष्ट मात्र अनपेक्षितपणे कामी येते. इथे नळाला रोज पाणी येईल असं कुणी गृहीत धरत नाही, त्यामुळे प्रत्येक घरात टाक्या, ड्रम, घागरी, बादल्या भरून ठेवलेल्या असतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन ॲक्सोलॉटलच्या कल्ल्यांना आणि कातडीला भाजून काढतं, पण उघड्या भांड्यात पाणी दिवसभर राहिलं की साधं क्लोरीन बरंचसं उडून जातं. खात्रीसाठी क्लोरीन मारणारं औषध दुकानात मिळतं. साठवणीचा जो उद्योग नाइलाजानं अंगवळणी पडला, तो ह्या पाहुण्याला मानवतो. मानवत नाही ते आरओचं पाणी. पाहुणा परदेशी म्हणून त्याला आरओचं देण्याचा मोह आईला होतो, पण त्यातले क्षार गेलेले असतात आणि ॲक्सोलॉटलला क्षार लागतात. ज्या जड पाण्याच्या नावानं परभणीकर केस आणि गीझर दोन्हींसाठी उसासे टाकतो, ते त्याला तुलनेनं पसंत पडतं.

एवढं सगळं होऊन डिसेंबरात एकदाचा ॲक्सोलॉटल येतो. महिना निवडलेला असेल तर शहाणपणाचा. हिवाळ्यात मराठवाड्यातल्या नीचांकी तापमानाची बातमी बऱ्याचदा परभणीच्या कृषी विद्यापीठातूनच येते. त्या दिवसांत घरातलं पाणी आपोआप त्याला हव्या त्या १६ ते १८ अंशांच्या आसपास राहतं. पिशवी टाकीत ठेवून तापमान जुळवलं जातं, दिवे मालवले जातात आणि त्याला पाण्यात सोडलं जातं. तो तळाला जातो. घर टाळ्या वाजवतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वर तरंगत असतो.

फिश टँकच्या इतिहासात वर येणं म्हणजे वर जाणं, अशी आपली समजूत पक्की आहे. ‘गेला वाटतं,’ आजोबा जाहीर करतात. मुलगा रडायला लागतो. तेवढ्यात मयत पाय हलवतं. मग निदानांची फेरी सुरू होते. आईच्या मते थंडी लागली. बाबांच्या मते फिल्टर बिघडला. वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या मते दृष्ट लागली, कारण काल येऊन गेलेल्या एका बाईंचं नाव त्या घेऊ इच्छित नाहीत. आजोबांच्या मते गॅसेस. आयुष्यभर घरातल्या प्रत्येक दुखण्याचं त्यांनी हेच निदान केलेलं आहे, त्यामुळे ते कुणी मनावर घेत नाही. पुढे कळेल की या वेळी ते अर्धे बरोबर होते.

ॲक्सोलॉटलकडे श्वासाची तीन साधनं आहेत. कल्ले, कातडी आणि चक्क फुप्फुसं. फुप्फुसं साधी, पिशवीवजा, पण चालू. त्यामुळे तो अधूनमधून पृष्ठभागावर येतो, हवेचा एक घोट घेतो आणि खाली जातो. कधी हवा आत धरून अधांतरी थांबतो, कधी एखादा बुडबुडा सोडून सावकाश खाली उतरतो. लहान वयाचे ॲक्सोलॉटल हे जास्त करतात. नव्या जागेत आलेले तर करतातच. प्रवासाचा ताण, अनोळखी पाणी, समोर काचेला नाक लावून बसलेली पाच-सहा माणसं. पहिले काही दिवस तो जेवतही नाही. सासरी आलेल्या नव्या सुनेनं दोन घास कमी खाल्ले तर आपल्याकडे कुणी तिला दवाखान्यात नेत नाही, पण ॲक्सोलॉटलसाठी मात्र तासातासाला अन्न बदलून बघितलं जातं.

खरा प्रश्न तो तरंगतोय का हा नाही, तर मनात आलं की त्याला खाली जाता येतं का, हा आहे. अंग आडवं, पाय सैल, कल्ले मागे पसरलेले आणि थोड्या वेळानं स्वारी तळाशी, तर तो मजेत आहे. त्याला मजा करू द्यावी. पण तो खाली जायला हातपाय मारतोय आणि बूच उडाल्यागत पुन्हा वर येतोय, शेपटीकडचा भाग वर आणि डोकं खाली असा कलंडलाय, पोट फुगलंय, कल्ले पुढे वळलेत, शेपटीच्या टोकाला आकडा पडलाय, तर ते तरंगणं त्याच्या मर्जीचं नाही.

त्यामागची कारणं सापडतात ती बहुतेक टाकीतच. पहिलं पाणी. अमोनिया किंवा नायट्राइट शून्याच्या वर असेल तर बाकी शोध थांबवून आधी थोडं थोडं पाणी बदलायचं. दुसरं तापमान. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तीस अंशांना तो साडेसातवर येतो आणि त्याच वेळी प्राण्याची गरज वाढलेली असते. मग तो हवेसाठी वारंवार वर येतो, हवा गिळतो, पोटातलं अन्न उबेनं कुजून वायू धरतं. आजोबांचे गॅसेस ते हेच. तिसरं कारण जेवणाचं. ॲक्सोलॉटल चावत नाही. तो तोंड झटकन उघडतो आणि समोरचं पाणी, अन्न, जे असेल ते आत ओढून घेतो. तरंगणाऱ्या गोळ्या दिल्या की गोळीबरोबर हवाही जाते. आणि टाकीत शोभेचे रंगीत खडे टाकलेले असतील तर खडेही जातात. तोंडात मावणारा प्रत्येक खडा तो कधी ना कधी गिळणार, आतडं अडणार आणि तो उलटा तरंगणार. दुकानातून टाकीबरोबर फुकट आलेली निळ्या-पिवळ्या खड्यांची पिशवी म्हणूनच कुंडीत रिकामी करावी. तळ मोकळा ठेवला तरी त्याची हरकत नसते. पाण्यात बुडालेला किल्ला आणि सोन्याची पेटी यांचीही त्याला आस नाही. एक अंधारी, लपण्याजोगी कपार मात्र हवी.

उपचार इतका साधा आहे की घराला तो सहनच होत नाही. खाणं दोन-तीन दिवस बंद. थंड, क्लोरीन नसलेलं, स्वच्छ पाणी उथळ भांड्यात, पाय तळाला टेकतील आणि नाक वर पोचेल इतकंच. उजेड कमी. आणि हात लावायचा नाही. पोट दाबायचं नाही, काठीनं खाली ढकलायचं नाही, एरंडेल द्यायचं नाही, ओवा द्यायचा नाही. या शेवटच्या सूचनेनं आजोबांचा हात डबीपर्यंत गेलेला परत येतो. खडे गिळल्याची शंका असेल किंवा फुगवटा आठवडाभर टिकला, तर पशुवैद्य. परभणीत पशुवैद्यक महाविद्यालय १९७२ पासून आहे. तिथे लाल कंधारी गायीच्या आणि उस्मानाबादी शेळीच्या रांगेत झाकणाचा डबा मांडीवर घेऊन बसलेला मुलगा हा काही काळ इतर सर्व रुग्णांच्या नातेवाइकांचा विषय होतो. ‘काय आणलंय?’ एक आजी विचारतात. मुलगा झाकण उघडून दाखवतो. आजी बघतात, पदर तोंडाला लावतात आणि म्हणतात, ‘दूध देतं का?’

मेक्सिकोत मात्र या कुळातून औषध निघतं. पात्झकुआरो इथल्या एका मठात डोमिनिकन जोगिणी ॲक्सोलॉटलचा चुलतभाऊ शोभेल असा स्थानिक सॅलॅमँडर पिढ्यान्‌पिढ्या वाढवतात आणि त्याच्यापासून खोकल्याचं सिरप करतात. त्या तळ्यात तो दुर्मीळ झाला, पण मठातल्या टाक्यांत टिकून राहिला. परभणीत ही माहिती ज्या दिवशी फुटेल त्या दिवशी खोकला असलेल्या नातेवाइकांपासून टाकीला कुलूप लागेल.

खुराकासाठी गांडूळ उत्तम, हे वाचून बाबा गांडूळखताच्या वाफ्यातली तांबडी गांडुळं घेऊन येतात. ॲक्सोलॉटल एक ओढतो, क्षणभर विचार करतो आणि थुंकतो. त्या जातीच्या गांडुळाच्या अंगातून कडवट रस सुटतो, तो अनेक ॲक्सोलॉटलना चालत नाही. मग फवारणी न झालेल्या मातीतली जाडजूड गांडुळं शोधावी लागतात. कापसाच्या आणि सोयाबीनच्या जिल्ह्यात फवारणी न झालेली माती शोधणं हे काम ॲक्सोलॉटल पाळण्यातलं सर्वांत अवघड काम ठरू शकतं.

होळी होते आणि खरी परीक्षा जवळ येते. एप्रिलपासून टाकीतलं पाणी तिशीकडे निघतं आणि रात्रीही हवा पंचविशीच्या खाली यायचं नाव घेत नाही. टाकीच्या तोंडावर छोटा पंखा लावला तर पाण्याची वाफ होते आणि पाणी काही अंशांनी उतरतं. माठ आणि कूलर ज्या तत्त्वावर चालतात तेच हे, आणि परभणीच्या कोरड्या उन्हाळ्यात ते चांगलं चालतं. जूनमध्ये हवा दमट झाली की पंखाही कूलरसारखाच मान टाकतो. बर्फ झालेल्या पाण्याच्या बाटल्या आलटून पालटून सोडल्या तर तापमान वरखाली उड्या मारतं आणि त्या उड्याही त्याला बाधतात. पूर्वी आजारी ॲक्सोलॉटलला डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवण्याची पद्धत बरीच सांगितली जायची. आता ते पशुवैद्याच्या सल्ल्याशिवाय करू नये असं म्हणतात. परभणीच्या फ्रिजमध्ये मे महिन्यात आमरसाच्या पातेल्याशेजारी जागा मिळणं तसंही कठीण. उरतात दोनच खात्रीचे मार्ग. टाकीचं पाणी थंड ठेवणारं चिलर नावाचं यंत्र, जे टाकीपेक्षा महाग पडतं, नाहीतर एसीची खोली. शिवाय वीज गेली तर इन्व्हर्टरवर आधी काय चालवायचं, घराचा पंखा की टाकीचा पंप, हा प्रश्न कुटुंबानं मार्चमध्येच मिटवलेला बरा. मेमध्ये तो शांतपणे मिटत नाही.

वसमत रोडवरच्या घरात चिलरचा भाव ऐकून बाबांनी पुन्हा एकदा ‘बघू’ म्हटलं, आणि टाकी घरातल्या एकमेव एसीच्या खोलीत गेली. आतापर्यंत आजोबांनी एसीची हवा सांध्यांना बाधते म्हणून त्या खोलीत पाऊल ठेवलं नव्हतं. पण प्राणी रात्री तरंगला तर तो मर्जीनं तरंगतोय की गॅसेसनं, हे ओळखणारं जाणतं माणूस जवळ नको का, असं म्हणत त्यांनी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आपली गादी आत हलवली, रिमोट उशाखाली घेतला आणि तापमान अठरावर आणून ठेवलं.